ग्रँड विटारा की हायरायडर? आधी ‘प्लस’ आहे का ते बघा

मारुती सुझुकीची ग्रँड विटारा घ्यायची की टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर, यावरून घरात जेवढा वाद रंगतो तेवढा फरक या दोन गाड्यांत नाहीच. दोन्ही २०२२ साली आल्या, दोन्ही कर्नाटकातल्या बिडदीच्या टोयोटा कारखान्यात तयार व्हायला लागल्या. दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २६०० मिलिमीटर. लांबीत २० मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढा. दोन्ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर; मोटरचा वाटा मोठा ती स्ट्राँग, थोडासाच ती माइल्ड. बॉनेट उघडलं तर आणखी गंमत: मारुतीच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये टोयोटाचं इंजिन बसलंय आणि टोयोटाच्या माइल्ड हायब्रिडमध्ये सुझुकीचं.

त्यामुळे ‘मारुती की टोयोटा’ हा प्रश्न नंतरचा. खरा घोळ ‘हायब्रिड’ या शब्दात आहे. एकाच नावाच्या गाडीत दोन वेगळ्या यंत्रणा मिळतात आणि दोन्हींना हायब्रिडच म्हणतात. मारुतीकडे ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणजे माइल्ड आणि ‘इंटेलिजेंट इलेक्ट्रिक हायब्रिड’ म्हणजे स्ट्राँग. आता ही नावं ऐकून कोणाला काय कळणार! झेटा आणि अल्फा या मॉडेलांच्या नावापुढे ‘प्लस’ असेल तर ती स्ट्राँग, नसेल तर माइल्ड. बुकिंगच्या कागदावर तेवढं एक चिन्ह नीट बघून घ्या.

माइल्डमध्ये दीड लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. त्याला पट्ट्याने जोडलेला एक छोटा स्टार्टर-जनरेटर असतो. गाडी वेग घेताना तो थोडा हातभार लावतो, ब्रेक लावल्यावर थोडी वीज साठवतो आणि सिग्नलला बंद झालेलं इंजिन झटकन चालू करतो. बस, एवढंच. निव्वळ विजेवर ही गाडी एक फूटही पुढे जात नाही.

स्ट्राँगचं इंजिनही दीड लिटरचंच, पण तीन सिलिंडरचं. सोबत ८० पीएसची (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) मोटर, दोन्ही मिळून ताकद साधारण ११६ पीएस. नेहमीचा गिअरबॉक्सच नाही. कोणत्या क्षणी मोटरने ओढायचं, कधी इंजिनने आणि कधी दोघांनी मिळून, ते गाडी स्वतः ठरवते. चार्जिंगची वायर लावायची भानगड नाही. बटण दाबलं की आवाज येत नाही, फक्त ‘रेडी’ दिवा लागतो. पहिल्यांदा बसलेला पाहुणा हमखास विचारतो, “चालू झाली का?”

दोन्हींतला फरक मे महिन्यात भर दुपारी सिग्नलला कळतो. माइल्डमध्ये इंजिन बंद पडलं की एसीचा कंप्रेसरही थांबतो, कारण तो इंजिनवरच फिरतो. पंखा चालू असतो, पण मिनिटभरात हवा कोमट होते आणि मागून आवाज येतो, “एसी बंद केलास का रे?” शेवटी वैतागून माणूस सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारं स्टार्ट-स्टॉपच बंद करून टाकतो, म्हणजे पेट्रोल वाचवायची तीही सोय गेली. स्ट्राँगमध्ये कंप्रेसर विजेवर चालतो. इंजिन गप्प असलं तरी गारवा तसाच.

आता ॲव्हरेज. स्ट्राँगसाठी जाहीर झालेला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, माइल्डच्या ऑटोमॅटिकसाठी २०.५८. रस्त्यावर दोन्ही खाली येतात, पण हिशेबापुरते हेच धरू. महिन्याला १००० किलोमीटर चालवलं तर फरक पडतो जवळपास १३ लिटरचा. लिटरला १०० रुपये धरले तर वर्षाचे १५,००० रुपये. शोरूमवाला दोन्हींच्या ऑन-रोड किमतीत जो फरक सांगेल त्याला १५,००० ने भागा. तेवढ्या वर्षांनी पैसे वसूल. गाडी रोज हडपसर ते हिंजवडी रांगत असेल तर त्याआधीच, कारण स्ट्राँगची खरी कमाई संथ ट्रॅफिकमध्ये होते. महिन्यातून दोनदा एक्स्प्रेसवेने गावी जाण्यापुरतीच बाहेर निघत असेल, तर माझ्या मते स्ट्राँगचे जादा पैसे घालू नयेत. सलग शंभरच्या वेगात बहुतेक वेळ इंजिनच काम करतं.

घाटाचंही सांगतो, कारण “उतारावर फुकट चार्ज होते” असं हौसेने सांगणारे बरेच भेटतात. होते, पण बॅटरी आहे पाऊण युनिटची. लोणावळ्याहून खोपोलीकडे पाचशे मीटरच्या वर उतरताना ती अर्ध्या वाटेतच भरून जाऊ शकते. मग पुढची वीज ठेवायला जागाच नसते. अशा वेळी लीव्हर ‘बी’वर टाकायचा, म्हणजे इंजिनचा रोध मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत.

स्ट्राँगचं खरं दुखणं डिकीत आहे. बॅटरी तिथेच खाली बसवल्यामुळे माइल्डच्या ३७३ लिटरच्या जागी अडीचशेच्या थोडीच वर जागा उरते. चौघांचं कोकणातलं सामान, परतीला आंब्याची एक पेटी, असं असेल तर कोणाच्या तरी पायाशी बॅग येणार. टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातली सगळ्यात मोठी सूटकेस बरोबर न्या, लाजू नका. सीएनजी हवं असेल किंवा चारही चाकांना ताकद हवी असेल, तर माइल्डकडेच जावं लागतं. स्ट्राँगमध्ये ती सोयच नाही. बॅटरीची धास्ती मात्र घेऊ नका, तिला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे.

इतकं ठरलं की मग लोगो. चेहरा कोणता आवडतो हा ज्याचा त्याचा प्रश्न. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला मारुतीचं वर्कशॉप बहुधा जवळ पडतं, म्हणून मी त्याला ग्रँड विटारा सुचवेन. शहरात दोन्हीकडे फोन करून एवढंच विचारा की गाडी कधी मिळेल आणि टेस्ट ड्राइव्हला कोणती ठेवली आहे. “हायब्रिडच आहे साहेब” असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न तयार ठेवा: स्ट्राँग की माइल्ड, म्हणजे मारुतीच्या भाषेत प्लसवाली की बिनप्लसची?