रेपो रेट

रिझर्व्ह बँक इतर बँकांना सरकारी रोखे तारण घेऊन थोड्या दिवसांसाठी पैसे देते, त्यावर जे व्याज लावते तो रेपो रेट. ऐकायला हा बँकाबँकांमधला मामला वाटतो, पण १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना फ्लोटिंग रेटची, म्हणजे व्याज वरखाली होणारी, नवीन होम लोन बाहेरच्या एखाद्या दराशी जोडणं सक्तीचं झालं आणि बहुतेकांनी रेपोच धरला, त्यामुळे मुंबईत निर्णय झाला की काही महिन्यांतच तो आपल्या हप्त्यात दिसतो. (हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा नियम नाही, लोन घेताना हे विचारून घ्याच.)

हा दर पतधोरण समिती ठरवते. तीन जण रिझर्व्ह बँकेचे, तीन सरकारने नेमलेले, समसमान मतं पडली तर गव्हर्नरचं मत निर्णायक. २०१६ च्या आधी शेवटचा शब्द एकट्या गव्हर्नरचा असायचा, त्या मानाने हे खूप बरं. समितीला टार्गेट दिलंय, किरकोळ महागाई ४ टक्के, फार तर २ वर किंवा २ खाली. सलग तीन तिमाही ती या पट्ट्याबाहेर राहिली तर सरकारला लेखी कारणं द्यावी लागतात, २०२२ मध्ये तशी वेळ आलीच.

तेव्हाचंच बघा. कोरोनात रेपो ४ टक्क्यांवर आणला होता, मग युक्रेन युद्धाने तेल आणि धान्य भडकलं आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत तो ६.५० वर गेला. समजा कुणाचं ३० लाखांचं, २० वर्षांचं लोन ७ वरून ९.५ टक्क्यांवर गेलं, तर हप्ता साधारण २३,२६० चा २७,९६० होतो. बऱ्याचदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते आणि माणसाला पत्ताही लागत नाही, हे मला फार खटकतं. पण धोरणाचा हेतू हाच असतो, कर्ज महागलं की लोक गाडी, फ्लॅट पुढे ढकलतात, कंपन्याही नवीन मशिनरी घेताना हात आखडतात, मागणी कमी होते आणि भाव वाढवणं दुकानदाराला जड जातं.

मात्र रेपो वाढवून टोमॅटो पिकत नाही! जुलै २०२३ मध्ये टोमॅटो आणि भाज्यांमुळे महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली तरी समितीने दर ६.५० वरच ठेवला, नवीन माल आला की भाव उतरतात म्हणून, आणि मला ते बरोबरच वाटतं. अडचण अशी की महागाई मोजण्याच्या त्या वेळच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, त्यामुळे भाजी सतत महाग राहिली तर लोक पगारवाढ मागतात, भाडी वाढतात, मग गप्प बसून चालत नाही.

फेब्रुवारी २०२५ पासून उलटा प्रवास सुरू झाला, जूनपर्यंत दर ५.५० वर आला. कर्जदार खूश, पण एफडीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या पेन्शनरांचं उत्पन्न इथेच घटतं, फक्त जुनी एफडी मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने चालते.