आठ कोटी लोकांची मराठी नेटवर मोजताना कुठे गळते?

2011 च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे 8.3 कोटी लोक होते, हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसरा नंबर. आणि दुसरीकडे कॉमन क्रॉल नावाचा प्रोजेक्ट वेबवरची जी अब्जावधी पानं गोळा करतो, ज्यावर आजचे बहुतेक एआय मॉडेल शिकतात, त्यात इंग्रजी चाळीस टक्क्यांच्या वर आणि मराठी एका टक्क्याच्या दहाव्या भागाइतकीही नाही. हा आकडा टाकला की कोणीतरी म्हणतंच, आपल्या लोकांना भाषेबद्दल प्रेमच नाही, सगळे इंग्रजीच्या मागे. मला हे अजिबात पटत नाही. सोसायटीचा ग्रुप घ्या, शाळेच्या पालकांचा घ्या, कांद्याच्या भावाचा घ्या, दिवसभर लोक मराठीतच लिहितात, बोलतात, भांडतात. फक्त ते अशा रूपात असतं की मोजणाऱ्या मशीनला ते मराठी म्हणून दिसतच नाही.

खाजगी ग्रुपमधलं तर मोजायला नकोच, ते आपलं आपल्यात राहिलेलं बरं. पण जे उघड्यावर आहे त्यातलंही बरंच इमेजवर लिहिलेलं असतं, व्हिडिओत बोललेलं असतं, नाहीतर रोमनमध्ये टाईप केलेलं असतं. रोमनची सवय काही उगाच लागली नाही. जुन्या फोनवर देवनागरी कीबोर्ड नव्हता, आणि एका एसएमएसमध्ये इंग्रजी 160 अक्षरं मावायची तर देवनागरी लिहिलं की फक्त 70, म्हणजे तोच निरोप पाठवायला दुप्पट पैसे. त्यात रोमन मराठीला शुद्धलेखनच नाही, ‘आहे’ कोणी एक ए टाकून लिहितो कोणी दोन, त्यामुळे भाषा ओळखणारे प्रोग्रॅम अशा छोट्या कमेंटवर हमखास गडबडतात.

माझ्या मते सगळ्यात मोठी गळती मात्र छापील मजकुरात आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कितीतरी वर्षं आपलं डीटीपी ज्या फॉन्टवर चाललं आणि बऱ्याच ठिकाणी अजून चालतं, ते युनिकोड नाहीत, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेला कोड देणारी पद्धत ते वापरत नाहीत. त्यात कॉम्प्युटर आतमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवतो, फक्त फॉन्ट त्यांच्या जागी क, ख, वेलांटी, रफार असे आकार काढून दाखवतो. एखाद्या जुन्या दिवाळी अंकाच्या पीडीएफमधून एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करून बघा, कंस, स्लॅश आणि कसल्यातरी चिन्हांचा कचरा बाहेर येतो. स्क्रीनवर ती सुंदर मराठी आहे, पण सर्चला ती सापडत नाही, आंधळ्या माणसाच्या स्क्रीन रीडरला ती वाचता येत नाही आणि मोजणीत ती मराठी धरलीच जात नाही. चांगलं संपादन झालेली, नीट मुद्रितशोधन झालेली हजारो पानं अशी अडकून पडली आहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बरं, युनिकोडमध्ये लिहिलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. ‘वऱ्हाड’ मधला तो अर्धा र घ्या, जो रफार नाही आणि ज्याची हिंदीला गरज पडत नाही. तो दोन प्रकारे टाईप होतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरं म्हणजे साधा र, पाय मोडायचा आणि मध्ये झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात पण कॉम्प्युटरच्या हिशोबात हे दोन वेगळे शब्द, त्यामुळे सर्च इंजिनने मुद्दाम काळजी घेतली नसेल तर एका पद्धतीने शोधलं की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडत नाही. तसंच ॲ चं. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली 5.1 आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र द्यायचे नाहीतर हिंदीसाठी असलेलं ऍ वापरायचे, आणि अजूनही तिन्ही प्रकार चालू आहेत. म्हणजे ‘ॲप’ सारखा रोजचा शब्दसुद्धा मराठी नेटवर तीन तुकड्यांत वाटला गेलाय.

आता याच्याही खालचा थर बघू. वेबवर अक्षरं साठवायची जी पद्धत सगळीकडे चालते, यूटीएफ-8, त्यात इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, ग्रीक, रशियन किंवा अरबीला 2, आणि देवनागरीला 3. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्याला एकच अक्षर, पण आत स, पाय मोडल्याची खूण, त, परत पाय मोडल्याची खूण, र आणि वेलांटी असे 6 कोड आहेत, म्हणजे 18 बाइट. साध्या मजकुरात याने काही बिघडत नाही, फोटोपुढे 18 बाइट म्हणजे काहीच नाही. पण एआय मॉडेल शब्द वाचत नाहीत, टोकन म्हणजे मजकुराचे तुकडे वाचतात, आणि टोकन कसे बनतात तर ट्रेनिंगच्या मजकुरात जे बाइट वारंवार शेजारी येतात ते जोडत जोडत. ज्या भाषेचा मजकूर भरपूर तिचे अख्खे शब्द एका टोकनात बसतात, ज्या भाषेचा कमी तिचा चुरा होतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने मे 2024 मध्ये नवीन मॉडेल आणलं तेव्हा स्वतःच आकडे दिले होते: एकाच अर्थाच्या वाक्याला जुन्या पद्धतीत इंग्रजीत 27 टोकन लागायचे आणि मराठीत 96. आपल्या प्रोग्रॅममधून हे मॉडेल वापरायची जी सोय असते, एपीआय, तिचं बिल टोकनवर लागतं, म्हणजे मराठीत काही बनवणाऱ्याला तेच काम साडेतीन पट महाग पडत होतं. नवीन पद्धतीत टोकनांचा शब्दसाठा साधारण एक लाखावरून दोन लाखांवर नेला आणि मराठी 33 वर आली, इंग्रजी 24 वर. लिपी तीच, बाइट तेवढेच, फक्त कोणीतरी आपल्या भाषेला जागा दिली आणि फरक खूपच कमी झाला, मला तरी ही त्या वर्षातली फार आनंदाची बातमी वाटली होती.

पण नुसता आकडा वाढवण्याच्या मागे लागलं तर काय होतं तेही बघायला हवं. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात 60 लाखांहून जास्त लेख आहेत, मराठीत लाखाच्या आसपास. सेबुआनोतले बहुतेक सगळे एका स्वीडिश माणसाच्या एलएसजेबॉट या प्रोग्रॅमने डेटाबेसमधून बनवलेत, गावं, डोंगर, किडे, झाडं यांचे दोन-चार ओळींचे लेख. 2020 मध्ये स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं प्रकरण बाहेर आलं, तिथले हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते आणि त्याला ती भाषा येतच नव्हती, इंग्रजी वाक्यात शब्द बदलून टाकलेले होते. आणि 2025 मध्ये तर ग्रीनलँडिक विकिपीडिया बंद करायचं ठरलं, तेही ती सांभाळणाऱ्या माणसाच्याच मागणीवरून, कारण भाषा न येणारे लोक मशीन ट्रान्सलेशनचा मजकूर टाकत होते. छोट्या भाषेत विकिपीडिया हाच मॉडेलचा मोठा खुराक असतो, त्यामुळे मशीनने चुकीचं लिहायचं, ते विकिपीडियावर जायचं, तेच खाऊन पुढचं मशीन आणखी चुकीचं शिकणार, असं चक्र सुरू होतं.

मराठी यातून अजून तरी बरीच वाचलीय, कारण आपल्याकडे माणसांनी लिहिलेलं प्रचंड आहे, ते फक्त बाहेर काढायचंय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये नेटवर आहे, कोणालाही फुकट वाचता येतो, शोधता येतो. माझ्या मते गेल्या काही वर्षांत मराठीसाठी झालेल्या सगळ्यात मोलाच्या कामांपैकी हे एक. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या फायली आहेत त्यांच्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घालावे लागतात एवढंच. आणि टायपिंगचा कंटाळा असेल तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करणाऱ्या प्रोजेक्टवर मराठी आहे, स्क्रीनवर आलेलं वाक्य मोठ्याने वाचायचं, दुसरा कोणीतरी ऐकून बरोबर-चूक सांगतो, आणि तो आवाजाचा डेटा सगळ्यांना मोफत वापरता येतो. तिथे पुण्याच्या पुस्तकी उच्चाराइतकीच मालवण, गोंदिया, बीड आणि बेळगावच्या आवाजांची गरज आहे, कारण मॉडेलने जो उच्चार कधी ऐकलाच नाही तो त्याला नीट लिहूनही घेता येत नाही.