कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?

सकाळी सात वाजता ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात एका शेगडीवर कुकर असतो, दुसरीवर तवा तापत असतो आणि तेवढ्यात बाबांचा फोन येतो. डोळ्यांत आधी कुठलं औषध घालायचं? अर्ध्या मिनिटात बोलणं संपतं. ओट्याकडे वळते आणि प्रश्न पडतो, शिट्ट्या दोन झाल्या की तीन?

गेल्या मार्चमध्ये शिट्ट्यांबरोबर बरंच काही हरवायला लागलं होतं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, लेकीची बारावी आणि ऑफिसात वर्षअखेर, सगळं एकदमच आलं. एका सकाळी ठाण्याहून वाशी लोकल पकडली. दिघा गाव गेल्याचं आठवतं. उतरायचं होतं ऐरोलीला, पण भानावर आले तेव्हा खिडकीबाहेर घणसोलीची पाटी होती. झोप लागली नव्हती, हातात फोनही नव्हता. सोसायटीचा मेंटेनन्स, बाबांचे ड्रॉप्स, हॉल तिकिटाची झेरॉक्स एवढंच आळीपाळीनं डोक्यात फिरत होतं. आपण याला ‘सुचेनासं होणं’ म्हणतो. मेंदूत खरोखर काय होतं ते वाचत गेले, तेव्हा हा शब्द किती नेमका आहे ते कळलं.

हातातल्या कामापुरती माहिती मेंदू कार्यरत स्मृतीत धरून ठेवतो. ही जागा अगदी लहान असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती साधारण सात गोष्टींची मानली होती. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये बऱ्याच प्रयोगांचा आढावा घेतला आणि मनातल्या मनात उजळणी करायला वाव दिला नाही तर आकडा चारच्या आसपास येतो, असं दाखवलं. शिट्ट्यांचा हिशेब या चारांतली एक जागा अडवतो. तो कुठे साठवलेला नसतो, नुसता धरलेला असतो. औषधाचं नाव आलं की पकड सुटते.

हे काम मुख्यतः कपाळामागच्या भागाच्या, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या जिवावर चालतं आणि ताणापुढे हाच भाग सगळ्यात नाजूक ठरतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. परिस्थिती हाताबाहेर गेल्यासारखी वाटली की नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं गरजेपेक्षा जास्त स्रवतात, या भागातल्या चेतापेशींचे आपसातले संदेश क्षीण होतात आणि सूत्रं सवयीच्या, जुन्या भागांकडे जातात. म्हणजे कामं वाढतात नेमकी तेव्हाच ती धरून ठेवणारा हात ढिला पडतो. यात आळस किंवा निष्काळजीपणा शोधायला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता घड्याळ लावून एक करून बघा. १ ते १० मोजा, मग क पासून ञ पर्यंत म्हणा. दोन्ही मिळून किती सेकंद लागले ते पाहा. आता तेच आळीपाळीनं म्हणा: १ क, २ ख, ३ ग… आकडे तेच, अक्षरंही तीच, पण जीभ पाचाच्या पुढे अडखळायला लागते. आर्थर जेरसिल्ड यांनी १९२७ मध्येच असे प्रयोग केले होते. एकाच प्रकारची गणितं ओळीनं सोडवताना लागणारा वेळ आणि दोन प्रकार आलटूनपालटून करताना लागणारा वेळ त्यांनी ताडून पाहिला. रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. पुढचं काम कुठलं ते आधीपासून ठाऊक असलं आणि तयारीला वेळ दिला, तरी बदलताना होणारं नुकसान कमी होतं, पूर्ण जात नाही. आपण एका वेळी दोन कामं करतो असं वाटतं, प्रत्यक्षात बहुतेक वेळा इकडून तिकडे उड्या मारत असतो आणि दर उडीला थोडा वेळ वाया जातो.

‘मला जमतं बाई,’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. वॉटसन आणि स्ट्रेयर यांनी २०१० मध्ये २०० जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावून फोनवर गणितं आणि शब्द पाठ ठेवायला दिले. कामगिरी जराही न घसरलेले निघाले २.५ टक्के.

मग पोळ्या लाटता लाटता डाळीवर लक्ष कसं राहतं? एक तर लाटणं हाताच्या अंगवळणी पडलेलं असतं, त्याला कार्यरत स्मृती फारशी लागत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वयंपाकघर स्वतःच आठवण करून देतं. वास येतो, दूध वर येतं, फोडणी तडतडते.

आमच्या गल्लीत एक ताई डबे करून देतात, रोजचे वीसेक. त्यांच्या ओट्यासमोर मी एकदा बराच वेळ उभी राहिले. डबे ओळीनं मांडलेले, सगळे उघडे, झाकणं बाजूला. पोळी, भाजी, आमटी पडली तरी झाकण लागत नाही. लोणच्याची पुडी गेली की मगच लागतं. ज्यांना लोणचं चालत नाही, त्यांच्या डब्याशेजारी झाकण उलटं ठेवलेलं. मध्येच दारात कुरियरवाला आला, त्या सही करून परतल्या आणि ओळीवरून एक नजर फिरवून सरळ सातव्या डब्यापासून सुरू झाल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘डोक्यात कोण ठेवतंय? झाकण उघडं म्हणजे काम बाकी.’ मानसशास्त्रात याला स्मृतीचा भार बाहेर उतरवणं म्हणतात. त्या दिवसापासून माझ्या कुकरशेजारी वाटीत चार चिंचोके असतात. शिट्टी झाली की एक बाहेर.

झाकण लावता येत नाही अशी कामं मात्र जास्त छळतात. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्त लेविन यांच्याकडे दोन तरुण संशोधक होत्या. अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात, असं ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. पुढच्या प्रयोगांत हे तितकंसं टिकलं नाही. मारिया ओव्हसियान्किना यांचं १९२८चं निरीक्षण मात्र टिकलं: तोडलेल्या कामाकडे माणूस कोणी न सांगताही परत वळतो. ही ओढच लोकलमध्ये माझ्या डोक्यात फिरत होती.

मासिकँपो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं, की ती ओढ शमवायला काम संपवावंच लागतं असं नाही. कधी, कुठे, कसं करायचं एवढं पक्कं ठरवलं, तरी वाचताना मधे मधे घुसणारे विचार थांबतात. ‘मेंटेनन्स’ एवढंच लिहून भागत नाही. ‘शनिवारी दहाला, सोसायटीच्या ऑफिसात, चेकबुक घेऊन’ असं लिहावं लागतं. फोन घेण्याआधी अर्ध्या राहिलेल्या कामाची पुढची पायरी एका ओळीत टिपून ठेवते, त्यामुळे परतल्यावर शोधाशोध होत नाही.

अशी कामांची यादी मी रात्री करते. मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांतली कामं लिहिली, उरलेल्यांनी झालेली कामं. पुढची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले आणि यादी जितकी बारकाईनं लिहिलेली, तितकी झोप लवकर लागली.

काल माझ्या यादीत सहा ओळी होत्या. शेवटची होती, ‘बाबांचे ड्रॉप्स, दुपारी एक वाजता, फोन करायचा…’ कोणी करायचा ते लिहायला पेन टेकवलं, तेव्हा लक्षात आलं की लेक त्या वेळी घरीच असते. तिचं नाव लिहिलं आणि दिवा मालवला.