अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ कशाला, आणि उन्हाळ्यात पाणी का घालायचं

अर्थिंगचं (बिघाड झाला तर करंट जमिनीत सोडणाऱ्या जोडणीचं) काम चालू असताना बरेच ग्राहक विचारतात की एवढं जाडं मीठ खड्ड्यात कशाला ओतताय, आणि मीठ टाकलंय तर वर परत पाणी घालत बसायची काय गरज. प्रश्न रास्त आहे म्हणून नीट सांगतो.

कोरडं मीठ करंट नेतच नाही. मिठाच्या खड्यात सोडियमचे प्लस आणि क्लोराईडचे मायनस आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असतात पण ते एकमेकांना घट्ट धरून बसलेले, जागचे हलत नाहीत. पाण्यात विरघळले की सुटे होतात, मग व्होल्टेज मिळालं की प्लसवाले एकीकडे मायनसवाले दुसरीकडे सरकायला लागतात, तोच करंट. तारेत इलेक्ट्रॉन धावतात, ओल्या मातीत हे काम मुख्यतः आयन करतात. मीठ वितळवलं तरी आयन सुटतात बरं का, फक्त त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात! ॲल्युमिनियमच्या कारखान्यात असंच चालतं, साधारण ९५० अंशाला वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या क्षारात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साईड) विरघळवून करंट सोडतात आणि तळाला धातू जमतो, पोलवरून घरात येणारी सर्व्हिस वायर बहुतेक त्याच धातूची असते.

दुकानात आलात तर करून दाखवतो. ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि पेन्सिलीच्या दोन शिशा. शिशा कोरड्या मिठात खुपसल्या तर काही नाही, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवल्या तरी काही नाही, साखर घातली तरी नाही, आणि चमचाभर मीठ घालून ढवळलं की एलईडी लागतो, शिशांवर बारीक बुडबुडे पण दिसतात. घरी हे प्लगच्या लाईनवर कधीही करू नका, जीव जाईल.

आता खड्ड्याचं बघू. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाईपच्या भोवती कोळसा आणि मिठाचे आलटून पालटून थर देतो, कोळसा ओल धरतो, वरच्या फनेलमधून घातलेलं पाणी पाईपच्या भोकांतून झिरपतं. एप्रिल-मे मध्ये ओल गेली की आयन परत अडकतात आणि रेझिस्टन्स वाढतो. मुरमाड किंवा कातळाच्या जागी तर फारच, आणि काळी माती एरवी चांगली पण भेगा पडल्या की पाईपपासून सुटते. समजा अर्थिंगचा रेझिस्टन्स ५० ओहमवर गेला आणि गिझरची बॉडी लाईव्ह झाली, म्हणजे तिच्यात करंट उतरला, तर २३० व्होल्टला जेमतेम साडेचार अँपिअर जमिनीत जातील, १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) ट्रिप होणार नाही आणि बॉडी तशीच लाईव्ह राहील. म्हणून आम्ही ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) पण लावायला सांगतो, अर्थिंग असलं तरीही.

मीठ जास्त टाकलं तर जास्त चांगलं, असं मात्र नाही. मिठाने जीआय पाईप गंजतो आणि पावसाळ्यात बरंचसं मीठ वाहूनही जातं. जागा कातळाची असेल तर बेंटोनाइटचं (ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीचं) कंपाउंड भरून केलेलं केमिकल अर्थिंग आमच्या मते बरं, खर्च जास्त येतो पण पाण्याची कटकट कमी.

उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा फनेलमध्ये दोन बादल्या पाणी घाला, नळाचं बोअरचं कुठलंही चालेल, आणि खड्ड्यावरच्या चेंबरवर फरशी बसवू नका. काम झाल्यावर अर्थ टेस्टरचं रीडिंग कार्डावर लिहून देतो, ते मीटरच्या पेटीत ठेवा, पुढच्या मे महिन्यात परत मोजताना लागेल.