जोक तीस सेकंदांचा, पण कोण कसं हसलं ते लक्षात राहतं

४ फेब्रुवारी २००७, अमेरिकेतल्या सुपर बोलची रात्र. तिकडच्या फुटबॉलची ही फायनल ९ कोटींहून जास्त लोकांनी टीव्हीवर बघितली, आणि त्यातले कितीतरी लोक मॅचइतक्याच आवडीने जाहिराती बघतात (आपण आयपीएलच्या ब्रेकमध्ये चहा टाकायला उठतो, ते सोडा). त्यात स्निकर्सची एक जाहिरात लागली. दोन मेकॅनिक बॉनेटखाली डोकं घालून काम करतायत, एकाच्या तोंडात चॉकलेट, दुसऱ्याला राहवत नाही म्हणून तो दुसऱ्या टोकाने खायला लागतो आणि खाता खाता ओठाला ओठ लागतात. दोघं दचकून मागे. आता काहीतरी मर्दानी करायलाच पाहिजे म्हणून दोघं स्वतःच्या छातीवरचे केस उपटतात.

वेबसाइटवर या जाहिरातीचे आणखी शेवट टाकले होते, त्यातल्या एकात हाणामारीच, तीही पान्याने. शिवाय त्या दोन टीमच्या खेळाडूंनी ते चुंबन बघून तोंडं वाकडी केल्याचे व्हिडिओ. एलजीबीटी संघटनांनी आवाज उठवला आणि कंपनीने दोनेक दिवसांत सगळं मागे घेतलं.

आता कोणीतरी म्हणणारच, अरे जोक होता, एवढं काय! यावर मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड यांनी बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की असा जोक ऐकून कोणाच्या मनात नवीन द्वेष तयार होत नाही, पण ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याला इथे हे चालतं असा सिग्नल मिळतो, एरवी चारचौघांत दाबून ठेवलेलं बाहेर पडतं. आणि ज्यांच्याबद्दल समाजाचं अजून धड ठरलेलं नाही, त्यांना याचा फटका जास्त बसतो. वंशद्वेष्ट्यांवर कितीही जोक मारा, फरक पडत नाही, कारण त्यांना वाईट म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. गे लोकांचं तसं नाही.

हे झालं हसणाऱ्यांचं. पण त्याच सोफ्यावर सोळा वर्षांचा एक मुलगा बसलाय, ज्याने घरात अजून काही सांगितलेलं नाही, त्याचं लक्ष टीव्हीकडे कमी आणि बाबा किती जोरात हसले, ताई काय बोलली याकडे जास्त. आणि तो स्वतः सगळ्यांपेक्षा जरा मोठ्याने हसतो. इलन मेयर यांनी २००३ मध्ये अल्पसंख्याकांच्या ताणाचं जे मॉडेल मांडलं त्यात नेमकं हेच येतं: कोणी मारलं, हाकललं तरच ताण येतो असं नाही, नाकारलं जाण्याची सतत वाट बघणं, लपवणं, आणि हळूहळू स्वतःलाच ते खरं वाटायला लागणं, हे सगळं मिळून तब्येतीवर येतं, नैराश्य आणि एन्ग्झायटी वाढते.

आपल्याकडे तर गंमतच. ऑक्टोबर २०२१ मध्ये डाबरच्या फेम ब्लीचच्या जाहिरातीत दोन बायका एकमेकींसाठी करवा चौथ करताना दाखवल्या, म्हणजे चेष्टा अजिबात नव्हती, तर मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईची धमकी दिली आणि जाहिरात गेली. (करवा चौथच का, असं विचारणारे क्वीअर लोकही होते, तो वेगळा वाद.)

पण २०१७ ची विक्सची जाहिरात टिकली. शाळेला निघालेली मुलगी बसमध्ये आईबद्दल सांगतेय, आणि ती आई म्हणजे मुंबईच्या गौरी सावंत, ट्रान्स कार्यकर्त्या, स्वतःच्याच भूमिकेत. आईला वाटतं पोरीने डॉक्टर व्हावं. पोरगी म्हणते नाही, मी वकील होणार, आईसाठी.