तुकडा काढला की कॅन्सर पसरतो?

‘गाठीला चिमटा लावला की कॅन्सर पसरतो’ हा समज मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीतल्या आणि मूत्रवाहिनीतल्या गाठींबाबतही पक्का आहे. तो अर्धाच खरा. मूत्रपिंड काढण्याच्या शस्त्रक्रियेआधी दुर्बिणीतून बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा) घेतलेल्यांना पुढे मूत्राशयात गाठ होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. सुटलेल्या पेशी लघवीबरोबर खाली येऊन रुजत असाव्यात. पण त्यामुळे कॅन्सर इतर अवयवांत जास्त पसरतो किंवा आयुष्य घटतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

म्हणून दुर्बिणीने तपासताना आत सोडलेल्या पाण्याचा दाब कमी ठेवतात. मूत्रपिंड काढल्यावर, टाके गळत नाहीत हे पाहून, मूत्राशयात मायटोमायसिनसारख्या कॅन्सरविरोधी औषधाचा एक डोस देतात. ३ महिन्यांनी मूत्राशय दुर्बिणीने तपासायचंच. हे टाळू नये.

चिमट्यात येतो जेमतेम १-२ मिलिमीटरचा तुकडा. त्यावरून ग्रेड, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात ते, बऱ्यापैकी कळते, गाठ भिंतीत किती खोल गेली ते सहसा नाही. ग्रेड कमी आणि गाठ लहान असेल तर लेझरने काम भागतं, अख्खं मूत्रपिंड वाचतं. उलट सीटी आणि लघवीतल्या पेशींच्या तपासणीवरूनच आक्रमक कॅन्सर स्पष्ट असेल, तर बायोप्सी वगळलेली बरी.

पाठीतून सुई घालून घेतलेली बायोप्सी मात्र वेगळी: तिथे सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा धोका, क्वचित का होईना, खरा आहे.