टेरिटी बाजारची सकाळ : निघण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. कोलकात्यात तुम्ही आमच्याबरोबर टेरिटी बाजार या जुन्या चिनी वस्तीची पायी फेरी करणार आहात. पहिली विनंती, गजर पाचचा लावा. पोद्दार कोर्टाजवळ सन यत सेन स्ट्रीटवर न्याहारीचा बाजार उजाडता उजाडता मांडला जातो आणि आठच्या सुमारास आवरायला लागतो. उशिरा पोचलात तर हाती फक्त गल्लीची वर्दळ लागते. रविवारी विक्रेते जास्त असतात, म्हणून आमची फेरीही रविवारीच.

खाण्याबद्दल आधीच स्पष्ट सांगतो. इथला मुख्य माल डुकराच्या मांसाचा आणि मासळीचा. पोर्क बाव (मांसाचं सारण भरलेला वाफवलेला पाव), फिश बॉल सूप, सॉसेज, मोमो, शुमाई. शुमाई जवळून बघा. पातळ पारीला मुखऱ्या घातलेल्या असतात, पण तोंड मिटलेलं नसतं आणि आतलं सारण वरून दिसतं. कळ्या न जुळवता उघडाच ठेवलेला मोदक जणू. बाव उंच अॅल्युमिनियमच्या भांड्यांत वाफवतात. झाकण उघडलं की वाफेचा लोट विक्रेत्याचं तोंड क्षणभर झाकून टाकतो. शाकाहारी मंडळींसाठी शेजारीच पुरी-भाजी मिळते, पण एकाच हाताने, एकाच चिमट्याने सगळं उचललं जातं, हे लक्षात घेऊन ठरवा. खाण्याचे पैसे जागीच, रोख आणि सुटे द्यावेत.

बाजाराचं नाव एडवर्ड टिरेटा या इटालियन माणसावरून पडलं. चिनी लोकांची इथली गोष्ट मात्र कोलकात्याबाहेर, बजबज गावाजवळ हुगळी नदीच्या काठी सुरू होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तोंग अच्यू नावाच्या व्यापाऱ्याला तिथे जमीन मिळाली आणि त्याने साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. त्याची घोड्याच्या नालाच्या आकाराची लाल समाधी नदीकाठी आहे आणि चिनी नववर्षानंतर कोलकात्यातली कुटुंबं तिथे जातात. जानेवारी-फेब्रुवारीत येणार असाल तर आम्हाला आधी कळवा, अचिपूरसाठी वेगळा दिवस ठेवू.

पुढे शहरात येणाऱ्यांनी आपापले धंदे धरले. कँटनकडचे सुतारकामात, हक्का बोली बोलणारे चामडं आणि बुटांत, हूबेह प्रांताचे दातांच्या वैद्यकीत. 1962च्या युद्धाने हे सगळं विस्कटलं. हिंदुस्थानात जन्मलेल्या चिनी कुटुंबांनाही पोलिसांनी उचललं आणि राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. सुटका झाल्यावर अनेकांनी देश सोडला. ही गोष्ट आम्ही फेरीत सांगतो, कारण ती वगळून ही गल्ली समजत नाही. पण भेटणाऱ्या वयस्कर माणसांना त्याबद्दल आपणहून विचारू नका. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील.

आता देवळं. पाट्यांवर ‘चर्च’ लिहिलेलं पाहून गोंधळू नका. इंग्रज अमदानीत प्रार्थनास्थळाला हाच शब्द चिकटला आणि तो राहिला. छातावाला गल्लीतल्या सी इप चर्चमध्ये करुणेची देवी क्वान यिन आहे. तूंग ऑन चर्चमध्ये क्वान यू. हा एक शूर सेनापती, दिलेल्या शब्दाला जागला म्हणून देव झालेला. परमुलखात धंदा करणाऱ्यांना शब्द पाळणारा देव का जवळचा वाटला असेल, हे त्याच्यासमोर उभं राहिलं की कळतं. याच इमारतीत तळमजल्यावर 1924 साली नानकिंग हे उपाहारगृह सुरू झालं होतं. आमचा सर्वांत आवडता थांबा मात्र डॅमझेन लेनमधलं नाम सून हे देऊळ. आत अंगण आहे, शांतता आहे.

देवळात उदबत्ती लावायला हरकत नसते. फोटो विचारून काढा, पूजा चालू असेल तर अजिबात नको. एखादं दार बंद असलं तर आम्ही ते वाजवत नाही, पुढे जातो. दानपेटीत काहीतरी जरूर टाका. या वास्तू सांभाळणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

टँग्रा, म्हणजे शहरातली दुसरी चिनी वस्ती, या फेरीत नाही. तिथल्या चामड्याच्या कारखान्यांना शहराबाहेर जायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिला, आज तो भाग उपाहारगृहांसाठी ओळखला जातो. संध्याकाळी जेवायला तिथे नेतो. वाटेत चिनी कालीचं देऊळ आहे, तिथे देवीला नूडल्सचा नैवेद्य असतो.

आपल्याकडचं चिकन मंचुरियन मुंबईत पहिल्यांदा रांधलं ते नेल्सन वांग यांनी, असं सांगितलं जातं. त्यांचा जन्म कोलकात्याचा. आणि मुंबईकरांनो, निघण्याआधी वेळ मिळाला तर माझगावच्या नवाब टँक रोडवरचं सी यप कून मंदिर पाहून या. तिथेही क्वान यू आहे. ‘सी यप’ आणि ‘सी इप’ हा एकच शब्द, अर्थ ‘चार परगणे’. दक्षिण चीनच्या त्याच चार परगण्यांतली माणसं दोन्ही बंदरांत उतरली होती.

सोबत पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि एक रिकामा डबा घ्या. बाव गाडीत खायला बरे लागतात. भेट सकाळी सहाला, पोद्दार कोर्टाच्या दारात.